निवडणूक आयोगाची निकालसेवा: सत्ताधारी का हरले हे शोधायला कितपत उपयोगी?

सत्ताधारी पक्ष राज्यात हरला की संध्याकाळपर्यंत कारणांचा पाऊस पडतो: महागाई, भ्रष्टाचार, जातींची गणिते, बदललेला मुख्यमंत्री. यांतले कोणते कारण कुठे लागू पडले हे तपासायचे तर त्यासाठीचा सर्वांत मोठा आणि मोफत साठा निवडणूक आयोगाकडेच आहे. तो तीन ठिकाणी विखुरलेला आहे: मोजणीच्या दिवसाचे निकाल संकेतस्थळ, नंतर येणारा सांख्यिकी अहवाल आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याच्या संकेतस्थळावरचा फॉर्म २० (मतदान केंद्रनिहाय निकालपत्रक). या तिन्हींची परीक्षा इथे कर्नाटकच्या २०२३ च्या निकालावर घेतली आहे, कारण तो निकाल वरवर वाचला की हमखास चुकतो.

निकाल संकेतस्थळ वेगाच्या बाबतीत उत्तम आहे. प्रत्येक मतदारसंघाच्या पानावर उमेदवारनिहाय ईव्हीएमची मते, टपाली मते, एकूण मते आणि टक्के मिळतात, शिवाय फेरीनिहाय आकडेही मिळतात. फेऱ्या वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. साधारणपणे एका फेरीत १४ टेबलांवर १४ मतदान केंद्रांची यंत्रे मोजली जातात, म्हणजे २५० केंद्रांच्या मतदारसंघाला १८ फेऱ्या लागतात. केंद्रे क्रमांकाने मोजली जातात आणि शेजारच्या गावांचे क्रमांक बहुधा लागोपाठ असतात. त्यामुळे पहिल्या पाच फेऱ्यांतली आघाडी ही बऱ्याचदा तालुक्याच्या एका बाजूची आघाडी असते. वाहिन्यांवर तिला ‘लाट’ म्हणतात, ते चुकीचे आहे.

राज्याच्या पानावर मतटक्क्याचे वर्तुळ असते आणि खरी गंमत तिथे सुरू होते. कर्नाटकात २०२३ ला सत्तेत असलेल्या भाजपच्या जागा २०१८ मध्ये १०४ होत्या, २०२३ मध्ये ६६ झाल्या. मतटक्का मात्र दोन्ही वेळी ३६ च्या आसपासच राहिला. घसरला तो जनता दल (सेक्युलर): १८.३ वरून १३.३, जागा ३७ वरून १९. काँग्रेस ३८.१ वरून ४२.९ वर गेली आणि तिच्या जागा ८० वरून १३५ झाल्या. त्याच वर्षी राजस्थानातही असेच घडले. तिथे सत्तेतल्या काँग्रेसचा टक्का ३९.३ वरून ३९.५ झाला, म्हणजे किंचित वाढलाच, आणि तरी सत्ता गेली. ‘लोकांनी सत्ताधाऱ्यांची मते काढून घेतली’ हे वाक्य या दोन्ही राज्यांच्या एकूण आकड्यांत बसत नाही. मते सत्ताधाऱ्यांकडून थेट गेली की तिसऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकली, हा पहिला प्रश्न आहे आणि संकेतस्थळाचे वर्तुळ त्याचे उत्तर देत नाही.

त्यासाठी सांख्यिकी अहवाल उतरवून घ्यावा. त्यातली सविस्तर निकालांची एक्सेल फाइल हा या सेवेचा सर्वांत चांगला भाग आहे. दोन्ही निवडणुकांच्या फाइलींतून प्रत्येक मतदारसंघासाठी सत्ताधारी पक्ष, मुख्य विरोधक आणि तिसरा यांचे टक्के एका ओळीत आणावेत, फरक काढावेत आणि हरलेल्या जागांचे तीन ढीग करावेत. पहिल्यात सत्ताधाऱ्यांचा टक्का खरोखर पडलेल्या जागा. दुसऱ्यात तो टिकूनही तिसरा पक्ष कोसळल्याने गेलेल्या. तिसऱ्यात बंडखोराने खाल्लेल्या. दक्षिण कन्नडमधले पुत्तूर तिसऱ्या ढिगाचे ठळक उदाहरण आहे: काँग्रेसचा उमेदवार सुमारे चार हजारांनी निवडून आला, दुसऱ्या क्रमांकावर भाजपचाच बंडखोर होता आणि अधिकृत उमेदवार तिसऱ्यावर. त्या जागेवर महागाईचे भाषण लावण्यात अर्थ नाही.

निपाणीत उलटे झाले. तिथे भाजपच्या शशिकला जोल्ले सुमारे सात हजारांनी जिंकल्या, राष्ट्रवादीचे उत्तम पाटील दुसरे आणि काँग्रेस तिसरी. विरोधी मते फुटली आणि जागा वाचली. बेळगाव जिल्ह्यातल्या १८ पैकी ११ जागा काँग्रेसने घेतल्या त्याच निवडणुकीतली ही गोष्ट आहे. सीमाभागातल्या मराठी वाचकांनी हा तक्ता जरूर करावा. महाराष्ट्र एकीकरण समितीला जागा मिळाली नाही, पण बेळगाव दक्षिणमध्ये तिचा उमेदवार दुसरा होता, म्हणजे तिथे ‘तिसरा पक्ष’ चक्क काँग्रेस होती. राज्याचा साचा अशा ठिकाणी जसाच्या तसा लावला की उत्तर चुकते.

पक्षाच्या नावावरून तुलना करताना सर्वांत मोठा खड्डा म्हणजे अथणी. तिथे २०१८ मध्ये काँग्रेस जिंकली आणि २०२३ मध्येही. एक्सेल म्हणेल: जागा राखली. प्रत्यक्षात २०१८ चे विजेते महेश कुमठळ्ळी भाजपमध्ये गेले, २०१९ ची पोटनिवडणूक भाजपकडून जिंकले. तर २०१८ मध्ये भाजपकडून हरलेले लक्ष्मण सवदी २०२३ मध्ये काँग्रेसकडून उभे राहून ७५ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. माणसे तीच, पक्षांची अदलाबदल. म्हणून तक्त्यात उमेदवाराच्या नावाचा स्तंभ हवाच आणि पोटनिवडणुकांचे आकडे वेगळे शोधून जोडावे लागतात. डिसेंबर २०१९ मध्ये १५ जागांवर पोटनिवडणूक झाली आणि १२ भाजपने जिंकल्या. हे गाळले तर सत्तेतल्या पक्षाची सुरुवातीची रेघच चुकीची पडते.

आता फॉर्म २०, म्हणजे मतदान केंद्रनिहाय अंतिम निकालपत्रक. कारणांच्या सर्वांत जवळ नेणारा कागद हाच आणि सर्वांत हलगर्जीपणे ठेवलेलाही हाच. अनेक मतदारसंघांची पत्रके स्कॅन केलेली, तिरकी, शिक्क्याखाली आकडे झाकलेली असतात. त्यांतले आकडे हाताने उतरवावे लागतात. स्तंभांवर बहुतेकदा फक्त उमेदवारांची नावे असतात, पक्ष नसतो. त्यासाठी फॉर्म ७अ, म्हणजे लढणाऱ्या उमेदवारांची यादी, शेजारी ठेवावी. उतरवून झाल्यावर प्रत्येक ओळीची बेरीज पत्रकातल्या वैध मतांच्या स्तंभाशी आणि स्तंभांची बेरीज शेवटच्या ओळीशी जुळवावी. केंद्रांचे क्रमांक दोन निवडणुकांत बदलतात, सहायक केंद्रे वाढतात, म्हणून क्रमांकाने जुळवू नये. गाव आणि शाळेच्या नावाने जुळवावे.

टपाली मते केंद्रांच्या ओळींत नसतात, तळाशी एकत्र येतात. पूर्वी त्यांवरून सरकारी कर्मचाऱ्यांचा राग मोजला जायचा. २०२३ मध्ये ८० वर्षांवरील आणि दिव्यांग मतदारांना घरून मतदानाची सोय होती आणि ती मतेही याच आकड्यात मिसळली. २०१८ शी तुलना त्यामुळे निरुपयोगी ठरते. आयोगाने हे दोन गट वेगळे दाखवायला हवेत. बंगळूरच्या जयनगरचा निकाल पुनर्मोजणीनंतर १६ मतांनी लागला. इतक्या बारीक फरकात या ओळीला केवढे वजन आहे ते दिसते.

फॉर्म २० ची एक काळी बाजूही आहे. शे-दोनशे मतांच्या वस्तीने कोणाला मत दिले हे उघड होते आणि नंतर पाणी, रस्ता अडवायला तेच कारण पुरते. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव आयोगाने पूर्वीच दिला आहे; तो अमलात यायला हवा, अभ्यासकांची सोय गेली तरी चालेल. तोवर ही पत्रके वापरणाऱ्यांनी लहान वस्त्यांची नावे छापू नयेत.

या सेवेतून काय मिळत नाही तेही स्पष्ट हवे. महिलांनी किती मतदान केले ते अहवालात आहे, कोणाला केले ते नाही. भाजप सरकारवरच्या ‘४० टक्के कमिशन’च्या आरोपाने किती मते हलली, महिलांना दरमहा २,००० रुपये देण्याच्या काँग्रेसच्या गृहलक्ष्मी आश्वासनाने किती, हे लोकनीतीसारख्या मतदानोत्तर सर्वेक्षणांतूनच अंदाजाने कळते. पण आयोगाचे आकडे खोटी कारणे मात्र पटकन बाद करतात. अनुसूचित जमातींसाठी राखीव १५ पैकी एकही जागा भाजपला मिळाली नाही. एवढी एक ओळ समोर ठेवली तरी ‘फक्त शहरी नाराजी’ किंवा ‘फक्त लिंगायत नेत्यांचे भाजप सोडून जाणे’ ही स्पष्टीकरणे अपुरी पडतात.

गुण द्यायचे तर निकाल संकेतस्थळाला १० पैकी ८, सांख्यिकी अहवालाला ७, फॉर्म २० ला ३. ज्यांच्याकडे एकच दुपार आहे त्यांनी फॉर्म २० ला हात लावू नये. अहवालाची एक्सेल, उमेदवारांच्या नावांचा स्तंभ आणि तीन ढीग एवढ्यात काम होते. आठवडा असेल तर दुसऱ्या ढिगातले सर्वांत कमी फरकाचे पाच मतदारसंघ निवडावेत आणि फक्त त्यांचीच केंद्रनिहाय पत्रके उतरवावीत.