फ्रेंचचा ग्रंथांतला भूतकाळ शिकवणारा दादरचा वर्ग

फोर्टमध्ये फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावरून दोन वर्षांपूर्वी मी एक जुना फ्रेंच कथासंग्रह विकत घेतला होता. फ्रेंचची बी-१ ही मध्यम स्तराची परीक्षा नुकतीच उत्तीर्ण झाले असल्याने तो सहज वाचता येईल असे मला वाटले होते, परंतु पहिल्याच पानावर अशी क्रियापदे भेटली की त्यांचा मूळ धातू कोणता हेसुद्धा मला ओळखता येईना. ज्या संस्थेत मी चार स्तर शिकले तिथे ‘पासे सँप्ल’ या, आता लेखनातच उरलेल्या भूतकाळाचे नाव एकदा फळ्यावर लिहून लगेच पुसले गेले होते. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षेत श्रवण, वाचन, लेखन आणि संभाषण ही चारच कौशल्ये तपासली जातात आणि बोलण्यात हा काळ वापरला जात नाही, त्यामुळे त्यावर वेळ खर्च करण्याची कुणाला गरज वाटली नसावी. मात्र फ्रेंच शिकण्यामागचा हेतू जर फ्रेंच साहित्य वाचणे हा असेल, तर या काळावाचून दारातच अडायला होते.

म्हणूनच दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या इमारतीतील या वर्गाविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. आठ शनिवार, प्रत्येकी दोन तास, शुल्क साडेपाच हजार रुपये, विद्यार्थी अकरा, आणि विषय केवळ हा एक काळ. शिकवणाऱ्या बाई महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या आहेत आणि सर्व विवेचन मराठीतून करतात. वर्ग मराठीतून आहे ही मला सुरुवातीला केवळ सोय वाटली होती, परंतु दुसऱ्या शनिवारपासून ती या अभ्यासक्रमाची खरी ताकद असल्याचे जाणवू लागले.

व्याकरणाच्या पुस्तकांत प्रत्येक धातूची सहा रूपे एकाखाली एक दिलेली असतात आणि विद्यार्थी ती पाढ्यांसारखी पाठ करू लागतो. बाईंनी तो तक्ता पहिले तीन आठवडे उघडूच दिला नाही. गोष्टीत प्रामुख्याने तृतीय पुरुष येतो, तेव्हा प्रथम ‘त्याने काय केले’ आणि ‘त्यांनी काय केले’ एवढीच रूपे कानाने ओळखायची, असा त्यांचा आग्रह होता. फ्रान्समध्ये 2016 पासून लागू झालेल्या शालेय अभ्यासक्रमातही लहान मुलांना या काळाची तृतीय पुरुषाची रूपेच आधी शिकवण्याचे धोरण स्वीकारले गेले, आणि त्यावरून तिथे बराच वाद झाला. मुलांचे काय व्हावे यावर मी मत देणार नाही. वाचनासाठी शिकणाऱ्या प्रौढांना मात्र हा क्रम अतिशय मानवतो.

तृतीय पुरुषाकडे पाहिले की हजारो क्रियापदे चार स्वरांत विभागली जातात. ‘पार्ले’, म्हणजे बोलणे, या धातूच्या मोठ्या गटात एकवचन ‘आ’कारान्त होते: इल पार्ला, म्हणजे ‘तो बोलला’. ‘फिनीर’ (संपवणे) यासारख्या आणि लेखनात ‘re’ने संपणाऱ्या बहुतेक धातूंत ‘ई’ येते: इल फिनी, इल प्री, इल फी. तिसऱ्या गटात ओठांचा चंबू करून उच्चारायचा ‘यु’ आहे: इल क्र्यु, इल ल्यु, इल ब्यु, आणि ‘असणे’ या धातूचे इल फ्यु. चौथा गट येणे आणि धरणे या अर्थांचे दोन धातू व त्यांच्यापासून साधलेल्या शब्दांपुरताच असून त्यात अनुनासिक ‘अँ’ ऐकू येतो: इल व्हँ, इल तँ. अनेकवचनात शेवटी ‘र’ उमटतो, आणि फक्त पहिल्या गटात ‘आ’चा ‘ए’ होऊन ‘पार्लेर’ असे रूप बनते. बाकीचे गट आपला स्वर सोडत नाहीत. लेखनात या ‘र’नंतर आणखी तीन अक्षरे असतात, परंतु त्यांचा उच्चार होत नाही. हे एवढे समजल्यावर मी घरी तो जुना संग्रह पुन्हा उघडला आणि पहिल्या पानावरची बहुतेक क्रियापदे ओळखता आली.

मराठी कानाला या विषयात एक चकवा आहे आणि बाईंनी त्यावर जवळजवळ पूर्ण तास दिला. ‘जाणे’ या फ्रेंच धातूचे या काळातील एकवचनी रूप ‘इल आला’ असे ऐकू येते, आणि त्याचा अर्थ मात्र ‘तो गेला’ असा आहे. त्याच धातूचा अपूर्ण भूतकाळ ‘इल आले’ असा ऐकू येतो, म्हणजे ‘तो जात होता’ किंवा ‘तो जाई’. आपल्या ‘येणे’ची दोन रूपे तिथे ‘जाणे’च्या दोन काळांत उभी आहेत. एकदा हे लक्षात आले की ते विसरता येत नाही, आणि त्याच ओघात दोन भूतकाळांमधला भेदही मनात पक्का बसतो. ‘आजोबा रोज पहाटे नदीवर जात, एके दिवशी ते परतले नाहीत’ या वाक्यातील ‘जात’ तिथे अपूर्ण भूतकाळात जाईल आणि ‘परतले नाहीत’ पासे सँप्लमध्ये. ‘जाई, करी, म्हणे’ हा आपला रीतिभूतकाळही आता बोलण्यापेक्षा लिहिण्यातच अधिक उरलेला आहे, त्यामुळे एखादा काळ केवळ कागदावर जगू शकतो ही गोष्ट मराठी वाचकाला वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

बाई या काळाची छटा सांगताना पोथीतील ‘राजा बोलता झाला’ या वळणाचा आधार घेतात. उपमा सुंदर आहे, परंतु ती मला अर्धीच मान्य आहे. ‘बोलता झाला’ आज कोणी गंभीरपणे लिहीत नाही, तर फ्रेंचमध्ये तृतीय पुरुषातील पासे सँप्ल आजच्या बालकथांत, चरित्रांत आणि वृत्तपत्रांतही सहज भेटतो. तो जुनाट झालेला नाही, फक्त बोलणाऱ्याच्या ‘आज’पासून त्याने अंतर राखले आहे. हे अंतर पूर्वी मोजलेही जाई: 1660 साली प्रसिद्ध झालेल्या पोर-रॉयाल या फ्रेंच मठाशी निगडित विद्वानांच्या व्याकरणात म्हटले आहे की हा काळ किमान एक दिवस आधी घडलेल्या गोष्टीसाठीच वापरावा, ‘मी काल लिहिले’ यासाठी तो चालतो, ‘आज सकाळी लिहिले’ यासाठी नाही. सहाव्या शनिवारी बाईंनी हा नियम सांगून लगेच 1942 मधील आल्बेर कामूच्या ‘लेत्रांजे’कडे आमचे लक्ष वळवले. ती कादंबरी प्रामुख्याने बोलीतल्या भूतकाळात, म्हणजे पासे काँपोझेमध्ये लिहिलेली आहे, आणि अपेक्षित काळ टाळल्याने निवेदन किती तुटक व जवळचे वाटते हे त्यांनी तीन वाक्ये दोन्ही काळांत वाचून दाखवले. संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाची वीस मिनिटे ती होती.

भूतकालवाचक धातुसाधितावरून रूप ताडण्याची युक्तीही शिकवली जाते: ‘वाचलेले’ या अर्थाच्या ‘ल्यु’वरून ‘इल ल्यु’, ‘घेतलेले’ या अर्थाच्या ‘प्री’वरून ‘इल प्री’. अपवादांची यादी मात्र त्याच दिवशी देतात हे योग्यच आहे, कारण ‘पाहिलेले’ हे ‘व्ह्यु’ असूनही ‘त्याने पाहिले’ हे ‘इल व्ही’ होते, आणि हेच ‘इल व्ही’ वर्तमानकाळात ‘तो जगतो’ या अर्थानेही येते. जन्मणे, मरणे आणि लिहिणे हे तीन धातू तर सरळ पाठच करावेत.

उणिवा दोन आहेत आणि दोन्ही दूर करता येण्याजोग्या आहेत. पहिली अशी की प्रथम पुरुष अखेरच्या शनिवारी अर्ध्या तासात उरकला जातो. आत्मकथनात्मक कादंबऱ्यांत ‘मी’चीच रूपे भरलेली असतात, आणि पहिल्या गटात ‘मी बोललो’ व ‘मी बोलत होतो’ यांच्या लेखनात केवळ शेवटच्या एका मूक ‘स’चा फरक असतो, जो अनेक फ्रेंच भाषकांच्या उच्चारातही आता नीट जाणवत नाही. डोळ्यांना त्याची सवय लावण्यासाठी स्वतंत्र तास हवा. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ची रूपे ओळखण्यापुरती शिकवली, त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती वाचनात क्वचितच येतात.

दुसरी उणीव टिपणांची. वाटलेली पाने छायाप्रतीची छायाप्रत असल्याने स्वरांवरच्या टोपीच्या (^) खुणा पुसट झालेल्या असतात, आणि या काळात टोपीला अर्थ आहे. ‘इल फ्यु’वर टोपी नसेल तर ‘तो होता’. ती असेल तर तेच रूप सब्जाँक्तिफचा, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या क्रियारूपांचा, अपूर्ण भूतकाळ होऊन ‘तो असावा’कडे वळते, आणि उच्चार दोन्हींचा एकच. 1990च्या लेखनसुधारणेने अनेक शब्दांवरील टोपी ऐच्छिक केली, तरी या क्रियारूपांवरची कायम ठेवली, ती याच कारणाने. तिसऱ्या आठवड्यात एका सरावात माझी चार उत्तरे केवळ पुसट खुणांमुळे चुकली.

ज्यांचे फ्रेंच किमान ए-२पर्यंत, म्हणजे बी-१च्या आधीच्या स्तरापर्यंत, झाले आहे, पासे काँपोझे आणि अपूर्ण भूतकाळ ज्यांना चालवता येतात आणि ज्यांना वाचायचे आहे, त्यांनी हा वर्ग जरूर करावा. केवळ परीक्षेच्या गुणांसाठी येणाऱ्याला याचा फारसा उपयोग होणार नाही. जागा लहान आहे, जिना चढायला दोन मजले आहेत आणि पावसाळ्यात खिडकी बंद ठेवावी लागते, त्यामुळे मागच्या बाकावर बाईंचा आवाज नीट पोहोचत नाही; स्वरांच्याच आधारे शिकायच्या या विषयात पुढे बसणे आवश्यक आहे. टिपणांची मूळ फाइल पहिल्याच दिवशी मागून घ्यावी. मी चौथ्या आठवड्यात मागितली, तेव्हा बाईंनी ती त्याच संध्याकाळी मोबाइलवर पाठवली, आणि तिच्यात प्रत्येक टोपी स्वच्छ दिसते.