टेक्ट्रॉनिक्स ४६५ : दुरुस्त करून, एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. तुम्हाला नुसतं मोजमाप करायचं असेल तर हा जुना अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप (विजेच्या लाटा पडद्यावर रेघेने दाखवणारं यंत्र, थोडक्यात स्कोप) घेऊ नका. नवा डिजिटल घ्या आणि सुखाने राहा. पण अ‍ॅम्प्लिफायर, एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), जुने रेडिओ असली कामं करत असाल आणि बंद पडलेलं यंत्र उघडताना हात थरथरत नसतील, तर ४६५ टेबलावर असायलाच हवा. मी दिवाळीनंतर घेतला, उन्हाळ्यात नीट केला आणि पावसाळाभर रोज वापरला. त्यावरून लिहितोय.

टेक्ट्रॉनिक्सने हे मॉडेल १९७२ साली अमेरिकेत, ओरेगनमध्ये आणलं. दोन चॅनेल, १०० मेगाहर्ट्झ, ५ मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनपासून (डिव्हिजन म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन) पुढे, टाइमबेस (किरण आडवा सरकण्याचा वेग) दहापट ताणला की ५ नॅनोसेकंद प्रति डिव्हिजन. त्या काळी याला पोर्टेबल म्हणत. वजन दहा किलोच्या पुढे आहे, तेव्हा उचलताना कंबर सांभाळा. आपल्याकडे असे नग जुन्या प्रयोगशाळांच्या लिलावातून भंगारात येतात. माझाही तसाच आला, धुळीने भरलेला आणि मुका.

प्लग लावायच्या आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. माझा ११५ वर होता. तसाच आपल्या २३० वर लावला असता तर हा लेख झाला नसता. सिलेक्टर बदलला की फ्यूजही पाटीवर लिहिलेल्या किमतीचाच घाला, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब (मेन्स आणि यंत्राच्या मध्ये एकसरीत जोडलेला साधा बल्ब) लावाच. यात जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर सप्लाय आहे, त्यामुळे सिरीज बल्ब नीट बोलतो : क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर बटण बंद.

आतले सप्लाय पाच : ११०, ५५, १५, ५ आणि उणे ८ व्होल्ट. सगळ्यांचे टेस्ट पॉइंट बोर्डावर नावानिशी छापलेत. मोजायला सुरुवात ५५ पासून करायची, कारण बाकीचे त्याच्या आधारावर उभे असतात. माझ्याकडे ५५ बरोबर होता, पण १५ च्या जागी अर्धा व्होल्टसुद्धा येत नव्हता. सप्लाय मेलेला नव्हता; पुढे कुठेतरी शॉर्ट होता आणि करंट लिमिटने हात आखडता घेतला होता. या मालिकेतला हा नेहमीचा आजार. गुन्हेगार बहुतेक वेळा टँटॅलम कपॅसिटर असतो, तो म्हातारपणी ओपन न होता शॉर्ट होतो.

शोधायची पद्धत सोपी, पण चिकाटीची. स्कोप बंद करून, बेंच सप्लायचा करंट अर्ध्या अँपिअरवर बांधून त्या लाइनवर थोडा व्होल्टेज सोडायचा. मग मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून, ग्राउंडला एक टोक धरून, ट्रॅकवर पुढे पुढे सरकायचं. जिकडे आकडा घटत जातो तिकडे शॉर्ट. माझा आकडा ट्रिगरच्या (लाट पडद्यावर स्थिर धरणाऱ्या) भागातल्या एका पिवळ्या मण्यापाशी येऊन थांबला. हरभऱ्याएवढा मणी, बाहेरून नवाकोरा. ना फुगलेला, ना करपलेला. एक पाय उचलून मोजला तर दोन ओहम. काढल्याबरोबर १५ परत आला आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. जागी ३५ व्होल्टचा टँटॅलम टाकला. अशा जागी व्होल्टेज रेटिंग चढंच असावं, जेमतेम बसणारं नको.

इथे एक मत मांडतो, पटलं नाही तरी चालेल. सगळे कपॅसिटर सरसकट बदलायची जी फॅशन आहे, ती या स्कोपला लावू नका. मोठे फिल्टर कपॅसिटर अनेक पायांनी बोर्डात बसवलेत. ते उपसताना पॅड उखडतात आणि मग नसलेला फॉल्ट आपण जन्माला घालतो. आधी रिपल (सप्लायच्या डीसीवर उरलेली लाट) मोजा. ट्रेसवर (पडद्यावरच्या रेघेवर) १०० हर्ट्झची लाट डुलत असेल तरच हात लावा. माझे मूळ कपॅसिटर अजून जागेवर आहेत आणि रिपल मॅन्युअलच्या मर्यादेत आहे.

मॅन्युअलबद्दल बोलायलाच हवं. संपूर्ण सर्किट, प्रत्येक टेस्ट पॉइंटवरचं अपेक्षित व्होल्टेज, ठिकठिकाणच्या वेव्हफॉर्म, कॅलिब्रेशनचा क्रम, सगळं त्यात आहे. हल्लीच्या उपकरणासोबत ‘आत वापरकर्त्याने उघडण्यासारखं काही नाही’ असा इशारा येतो. या स्कोपचे बरेचसे ट्रान्झिस्टर सॉकेटमध्ये आहेत. चिमट्याने काढा, तपासा, परत बसवा. फॉल्ट नसतानाही ते एकेकदा काढून घालावेत, निम्म्या भुताटक्या तेवढ्यानेच जातात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो कॅम स्विचेसनी. व्होल्ट्स/डिव्हिजनचा नॉब फिरवला की आत एक उंचसखल दांडा फिरतो आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पट्ट्या बोर्डावरच्या पॅडवर दाबतो. धूळ बसली की एखादी रेंज चुकीची दाखवते, नाहीतर नॉबला धक्का लागला की ट्रेस उडी मारतो. इथे कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारायचा नाही. तो बोर्डात मुरतो, आणि दहा लाख ओहमच्या इनपुटला तेवढी ओलही महाग पडते. कापसाची काडीही नको, तंतू पट्टीत अडकतात. जाड कागदाची चिंचोळी पट्टी आयसोप्रोपिलमध्ये भिजवायची, पट्टी आणि पॅडच्या मध्ये सरकवायची, नॉब फिरवून कॉन्टॅक्ट मिटवायचा आणि कागद सरळ रेषेत हळू ओढायचा. कागदावर काळी रेघ उमटते. ती उमटायची थांबेपर्यंत नवा कागद घेत राहायचं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुने स्कोप साबणाच्या पाण्याने धुऊन उबदार कपाटात वाळवत असत. आपल्या जुलैच्या हवेत मी ते धाडस करणार नाही. ट्रान्सफॉर्मरखालचं पाणी दसऱ्याला वाळेल.

नॉब काढायला १/१६ इंचाची अ‍ॅलन की लागते. दीड मिलिमीटरची ‘बसते’ असं वाटतं, पण ती स्क्रूचं तोंड गोल करून टाकते. लहान पंखाही बघून घ्या. बेअरिंग सुकून तो बसला की आतलं सगळं तापतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

आता धोक्याचं. ट्यूबच्या कॅथोडला उणे अडीच हजार व्होल्टच्या आसपास आणि पुढे अ‍ॅनोडला कित्येक हजार व्होल्ट असतात. बंद केल्यावरही चार्ज राहतो. झाकण उघडं ठेवून काम करताना एक हात खिशात. दुसरं म्हणजे, प्रोबची (मोजायच्या वायरची) ग्राउंड क्लिप थेट मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते. एसएमपीएसच्या प्रायमरीवर (थेट मेन्सला जोडलेल्या बाजूवर) ती लावली की धडाम. त्यावर उपाय म्हणून स्कोपच्या प्लगची अर्थ पिन तोडणारे महाभाग मी पाहिलेत. तसं केलं तर स्कोपची अख्खी पत्र्याची बॉडी जिवंत होते. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीला आलेल्या वस्तूला लावा, स्कोपला नाही. तो नसेल तर दोन प्रोब लावा, चॅनेल २ उलटा करा आणि अ‍ॅड दाबा. दोन बिंदूंमधला फरक मिळतो, ग्राउंड क्लिप लागतच नाही. अर्थात प्रोबची मर्यादा बघूनच.

रोजच्या कामात काय फरक पडला? एक उदाहरण देतो. एक ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर आला, गाणं वाजत नसतानाही हीटसिंक चटका देत होता. एक किलोहर्ट्झची साइन वेव्ह दिली, तर खालच्या अर्ध्या लाटेच्या टोकाला रेघ फुटल्यासारखी धूसर दिसली. टाइमबेस वेगात नेला आणि त्या धुरकट भागात काही मेगाहर्ट्झचं ऑसिलेशन स्पष्ट निघालं. आउटपुटवरच्या झोबेल नेटवर्कचा (असं ऑसिलेशन दाबणाऱ्या रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीचा) १० ओहमचा रेझिस्टर ओपन होता. अ‍ॅनालॉग पडद्यावर किरण जिथे जास्त रेंगाळतो तिथे उजेड जास्त, जिथे झरकन जातो तिथे कमी. तो धूसरपणा हीच माहिती असते. स्वस्त डिजिटलवर संथ टाइमबेसला हेच टोक नुसतं जाडसर दिसतं, किंवा सॅम्पल कमी पडून भलतीच लाट दिसते. शिवाय नॉब फिरवला की ट्रेस त्याच क्षणी हलतो, मेन्यू नाही की वाट पाहणं नाही.

उणिवाही तेवढ्याच खऱ्या. एकदाच येणारी घटना पकडता येत नाही. मायक्रोकंट्रोलरचा सिरीयल डेटा बघायचा तर हा कुचकामी. फोटो हवा तर खोलीत अंधार करून मोबाइल धरा. चालू केल्यावर वीसेक मिनिटं ट्रेस सरकत राहतो. साध्या बाजारी प्रोबला ओळख देणारी पिन नसते, म्हणून १०× प्रोब लावला तरी नॉबच्या कडेचा दिवा १× चाच पेटतो. दहाने गुणायचं आपण. आणि टेबल निम्मं व्यापलं जातं.

पावसाळ्यात मी दोन पथ्यं पाळली : एक दिवसाआड तरी तासभर चालू ठेवायचा, आणि झाकायला प्लॅस्टिक न वापरता जुनं सुती धोतर. कॉन्टॅक्ट पुन्हा बिघडले नाहीत.

कॅलिब्रेशन घरी होतं, पण समोरच्या पॅनेलवरचा ३०० मिलिव्होल्टचा कॅलिब्रेटर उंची तपासायला आणि प्रोब जुळवायलाच वापरा. त्याची वारंवारता फक्त अंदाजे १ किलोहर्ट्झ आहे, तिच्यावर टाइमबेस लावू नका. त्यासाठी क्रिस्टल ऑसिलेटर हवा. काही रुपयांचा १० मेगाहर्ट्झचा चालतो.

घेताना काय टाळायचं? टँटॅलम, पंखा, स्विच, पॉट (फिरवून बदलायचे रेझिस्टर) हे सगळं घरी सुटतं. सुटत नाही ते तीन ठिकाणी : पिक्चर ट्यूब, हाय व्होल्टेज मल्टिप्लायर आणि टेक्ट्रॉनिक्सच्या स्वतःच्या नंबरचे आयसी. हे आता फक्त दुसऱ्या मेलेल्या स्कोपमधूनच मिळतात. म्हणून दुकानात ट्रेस दिसत नसेल तर ब्राइटनेस अर्ध्यावर आणून बीम फाइंडर (भरकटलेला किरण पडद्यावर आणणारं बटण) दाबा. पडद्यावर कुठेही ठिपका किंवा आखूड रेघ आली, तर ट्यूब आणि हाय व्होल्टेज जिवंत आहेत. चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका, ‘बंदच आहे हो हा’ म्हणा आणि भाव पाडायला घ्या.