क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम: गजकर्णावर उत्तम, नखांवर नाही

गजकर्ण, जांघेतली खाज, पायाच्या बोटांमधल्या चिखल्या, त्वचेच्या घड्यांमधला कॅन्डिडा (एक प्रकारची बुरशी), या सगळ्यांवर हे बुरशीनाशक क्रीम चांगलं काम करतं. जागा धुऊन पूर्ण कोरडी करा. चट्ट्याच्या कडेबाहेर २ सेंटिमीटरपर्यंत पातळ थर, दिवसातून २ वेळा, २ ते ४ आठवडे. बहुतेकांचं इथेच चुकतं: खाज थांबली की क्रीम बंद, आणि त्वचेत उरलेली बुरशी पुन्हा पसरते. चट्टा गेल्यावरही निदान १ आठवडा लावाच. नखांच्या आणि डोक्यातल्या बुरशीला हे पुरत नाही. तिथे बहुधा पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. आणि कृपा करून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब स्वतःहून घेऊ नका! लाली लगेच उतरते, पण बुरशी आतल्या आत फोफावते.