आरई२ : वेळेला पक्की, देवनागरीला परकी

इंदूरमधील मराठी मंडळांच्या जुन्या स्मरणिका आणि वार्षिक अहवाल स्कॅन करून त्यांचा शोधता येण्याजोगा मजकूर तयार करणे, हे आमच्या विजयनगरातील लहानशा कार्यालयाचे नेहमीचे काम आहे. या कामातील मजकूर-सफाईचा टप्पा आम्ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अंगभूत रेजेक्स इंजिनावरून काढून गूगलच्या आरई२ या मुक्त लायब्ररीवर (तयार कोडच्या संग्रहावर) नेला. रेजेक्स म्हणजे मजकुरात शोधायचा नमुना चिन्हांत सांगणारा नियम, आणि तो चालवणारा प्रोग्राम म्हणजे इंजिन. पुढील अभिप्राय त्या वापरावर आधारलेला आहे. बाहेरून येणारा, कोणाच्याही हातचा मजकूर ज्याला तपासावा लागतो त्याने ही लायब्ररी जरूर घ्यावी. मात्र मजकूर देवनागरीत असेल तर जुने नियम जसेच्या तसे उचलून तिच्यात टाकू नयेत.

बदल करण्याची वेळ अनुक्रमणिकेने आणली. जुन्या स्मरणिकांत लेखाचे नाव आणि पृष्ठक्रमांक यांच्यामध्ये ठिपक्यांची रांग असते. आम्ही वापरत असलेल्या एका मजकूर-सफाई लायब्ररीत ही रांग ओळखण्यासाठी (\.+ *)+ असा तुकडा होता आणि त्याच्यापुढे ओळीच्या शेवटी अंक अपेक्षित होते. अंक असले की सारे सुरळीत चाले. शाई उडून पृष्ठक्रमांक नाहीसा झालेली ओळ आली की प्रोग्राम तिथेच बसून राही, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जाई आणि पुढची पाने खोळंबत. ती स्मरणिका काढणाऱ्या मंडळाच्या वयोवृद्ध चिटणीसांनी विचारलेच, “अहो, एक आकडा पुसला म्हणून तुमचा संगणक इतका अडून बसतो?”

कारण समजून घेण्यासारखे आहे. ‘एक किंवा अधिक ठिपके’ या गटालाच पुन्हा ‘एक किंवा अधिक वेळा’ असे सांगितल्यामुळे तीच रांग असंख्य प्रकारे गटांत वाटता येते. सलग ३० ठिपक्यांची वाटणी ५३ कोटींहून अधिक प्रकारे होते आणि दर वाढत्या ठिपक्यामागे ही संख्या दुप्पट होते. शेवटी अंक सापडला नाही की बॅकट्रॅकिंग करणारे इंजिन एकेक पाऊल मागे येत प्रत्येक वाटणी तपासून पाहते. पायथनच्या अंगभूत इंजिनाला कालमर्यादा घालण्याची सोय नाही, आणि शोध चालू असेपर्यंत त्याच प्रक्रियेतील बाकीचे थ्रेडही (सोबत चालणारी कामे) अडून राहतात. आमच्याकडे हे पुसट छपाईमुळे घडले. पण हेच कोणी मुद्दाम रचलेला मजकूर पाठवून घडवले, तर त्याला रीडॉस हल्ला म्हणतात.

मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. स्टॅक ओव्हरफ्लो हे संकेतस्थळ २० जुलै २०१६ रोजी ३४ मिनिटे बंद पडले, ते ओळीच्या कडेच्या रिकाम्या जागा छाटणाऱ्या एका साध्या नियमामुळे. एका मजकुरात सलग सुमारे २०,००० रिकाम्या जागा होत्या. तिथे वाढ घातांकी नव्हती, केवळ लांबीच्या वर्गाच्या (लांबी गुणिले लांबी) प्रमाणात होती, तरी तेवढी पुरली. २ जुलै २०१९ रोजी संकेतस्थळांना संरक्षण पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या सुरक्षा-नियमांतील एका रेजेक्सने त्यांचे जगभरचे प्रोसेसर २७ मिनिटे जखडून ठेवले, आणि त्यानंतर त्यांनी आरई२ किंवा रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या रेजेक्स इंजिनाकडे वळण्याचे ठरवले. भाषाप्रक्रियेसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एनएलटीके या पायथन लायब्ररीमध्येही वाक्ये आणि शब्द वेगळे करणाऱ्या फंक्शनांत हाच दोष सापडला होता, तो ३.६.६ या आवृत्तीत दुरुस्त झाला.

या रोगाच्या मुळाशी आरई२ जाते. रस कॉक्स यांनी ती गूगलमध्ये लिहिली आणि २०१० मध्ये ती सर्वांना खुली झाली. तिच्यामागची कल्पना मात्र केन थॉम्पसन यांच्या १९६८ च्या शोधनिबंधातली आहे. एक वाट धरून चुकली की मागे फिरण्याऐवजी हे इंजिन शक्य त्या सर्व अवस्था एकाच वेळी सांभाळत मजकुरातून एकदाच पुढे सरकते, त्यामुळे एका शोधाचा वेळ मजकुराच्या लांबीच्या प्रमाणातच वाढतो. स्मृतीलाही कुंपण आहे: मुळातली मर्यादा ८ मेगाबाइटची असून ती अपुरी पडली तर इंजिन अधिक संथ पद्धतीवर उतरते, पण लांबीचे प्रमाण सोडत नाही. ठिपक्यांचा तोच नियम, तीच पुसट ओळ, आणि उत्तर तत्काळ ‘नाही’ असे आले.

आता खटकलेल्या गोष्टी. पुढे-मागे डोकावून पाहणारे नियम आणि आधी सापडलेल्या गटाचा पुन्हा उल्लेख या दोन्ही गोष्टी आरई२ स्वीकारत नाही. त्या रेषीय (लांबीच्या प्रमाणातच वाढणाऱ्या) वेळेच्या हमीत बसवणे अवघड असल्याने या नकाराबद्दल तक्रार नाही. उलट नियम तयार करतानाच चूक दाखवली जाते, हे मला आवडले. व्यंजन पुढे नसलेला भरकटलेला हलन्त काढण्यासाठी आमचा नियम ्(?![क-ह]) असा होता (संस्कृत अवतरणे आम्ही आधीच बाजूला काढतो). तो ्([^क-ह]|$) असा लिहून, पकडलेले अक्षर बदलीच्या मजकुरात परत ठेवावे लागले. काम झाले, वाचनीयता थोडी गेली.

खरी डोकेदुखी निमूटपणे बदलणाऱ्या अर्थाची आहे. पायथनच्या इंजिनात ‘कोणताही अंक’ सांगणारे बॅकस्लॅश-डी हे चिन्ह देवनागरी अंकही ओळखते. आरई२ मध्ये ते फक्त 0 ते 9 हे इंग्रजी अंक पाहते. म्हणजे ‘१२’ हा स्वच्छ छापलेला पृष्ठक्रमांकही तिला दिसत नाही, आणि कोणतीही चूक न दाखवता ती पुढे जाते. शब्दाची सीमा सांगणारे चिन्हही असेच इंग्रजी अक्षरे-अंकांपुरते. उपाय म्हणजे [०-९] असे स्पष्ट लिहिणे किंवा युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हसूचीतील दशमान अंकांचा गट मागणे. देवनागरी लिपीचा गट मागितला तरी सावध राहावे: दंड (।) त्यात येत नाही, आणि रफाराऐवजी अर्धा र दाखवण्यासाठी टंकलेला अदृश्य जोडकही येत नाही, म्हणून जोडक वापरून लिहिलेला ‘दर्‍या’ मधोमध तुटतो.

या बाबतीत रस्टचे रेजेक्स इंजिन सरस ठरते. वेळेची हमी तशीच, पण शब्दातले अक्षर ओळखणारे त्याचे चिन्ह मात्रा, हलन्त आणि अदृश्य जोडक हे सारे शब्दातच धरते. युनिकोड शब्दसीमा मागितली की देवनागरी मजकुरावर त्याचा वेग उतरतो, एवढे मात्र आहे.

आणखी दोन बाबी नोंदवतो. हमी एका शोधाची आहे. एकाच मजकुरातील सर्व जुळण्या शोधत गेल्यास काही नियमांत एकूण वेळ लांबीच्या वर्गाने वाढू शकतो, तेव्हा येणाऱ्या मजकुराच्या लांबीवर मर्यादा घालावीच लागते. दुसरे, पायथनमधून आरई२ वापरू देणाऱ्या आवरणात मजकूर आधी यूटीएफ-८ या बाइट-रूपात बदलला जातो आणि सापडलेल्या जागा पुन्हा अक्षरांत मोजल्या जातात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइट्सचे असल्यामुळे छोट्या ओळी आणि साधे नियम असतील तर आरई२ वेगवान वाटणार नाही. आमच्याकडे कार्यालयातच लिहिलेल्या सूचींवरचे नियम म्हणूनच अजून जुन्या इंजिनावर आहेत, आणि स्कॅनमधून किंवा ग्राहकाकडून येणारी प्रत्येक ओळ आरई२ मधून जाते.