टेन-सीचे पैसे की स्कीम सर्टिफिकेट?

रबाळे, महापे, पावणे किंवा वागळे इस्टेटमधली नोकरी सुटली आणि पीएफ काढायचं ठरलं की दोन फॉर्म समोर येतात. एकोणीस नंबरचा फॉर्म पीएफच्या रकमेचा, त्यात डोकं लावण्यासारखं फारसं नाही. प्रश्न आहे तो टेन-सीचा. ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचे, पैसे रोख घेऊन मोकळं व्हायचं, की स्कीम सर्टिफिकेट घेऊन नोकरीची वर्षं राखून ठेवायची?

ही निवड साडेनऊ वर्षांच्या आत सेवा असलेल्यांनाच आहे. पात्रता मोजताना सहा महिने किंवा त्याहून मोठा तुकडा पूर्ण वर्ष धरतात, म्हणून नऊ वर्षं सहा महिने म्हणजे दहा. दहा भरली की रोख रकमेचा दरवाजा बंद, पुढे फक्त पेन्शन. आणि १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये आलेल्यांचं बेसिक व डीए सुरुवातीपासूनच १५,००० च्या वर असेल तर ते मुळात या पेन्शन योजनेचे सदस्यच नाहीत. पासबुकातला पेन्शनचा रकाना आधी पाहा, मग पुढचं वाचा.

मी सर्टिफिकेट घेतलं, हे आधीच सांगून टाकतो. माझा कल कुठे आहे ते धरून बाकीचं तोलावं.

आधी हिशेब. रोख रक्कम जमा पैशांवर व्याज लावून मिळत नाही. ‘टेबल डी’ नावाचा तक्ता आहे, त्यातल्या आकड्याने शेवटच्या पगाराला (कमाल १५,०००) गुणतात. आठ पूर्ण वर्षांचा आकडा ८.२२, म्हणजे १,२३,३०० रुपये. मालकाने दरमहा १,२५० प्रमाणे ९६ महिन्यांत भरले १,२०,०००. आठ वर्षांवर वरकड ३,३००. याला व्याज म्हणायचं की नाही, ज्याचं त्याने ठरवावं. जून २०२४ पासून हा हिशेब महिन्यांवर होतो आणि सहा महिन्यांहून कमी सेवेलाही पैसे मिळतात. १५,००० पगारावर दोन वर्षं पाच महिने झाले असतील तर पूर्वी २९,८५० मिळायचे, आता ३६,०००. लहान सेवेवाल्यांच्या दृष्टीने ही सुधारणा खरी.

सर्टिफिकेटच्या बाजूने आकडा असा: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. दहा वर्षांना १५,००० वर महिना २,१४३ रुपये, वयाच्या ५८ पासून हयातभर. नंतर बायकोला त्याच्या अर्धी, पण १,००० च्या खाली नाही. पन्नाशीनंतर लवकरही घेता येते, मात्र ५८ ला कमी असलेल्या दर वर्षामागे ४ टक्के काट बसतो. रकमेचा काही भाग एकरकमी उचलण्याची सोय २००८ पासून नाही.

कागदावर मांडलं तर तरुणाला रोख परवडते, हे मान्य करायला हवं. चाळिशीतल्या माणसाने १,२३,३०० रुपये ७ टक्क्यांनी अठरा वर्षं ठेवले तर सव्वाचार लाखांच्या आसपास होतात आणि त्यांचं वर्षाचं व्याजच २९,००० च्या पुढे जातं. दहा वर्षांची पेन्शन वर्षाला २५,७१४. वर मुद्दल शाबूत. पन्नाशीतल्या माणसाचं गणित मात्र उलटतं. आठ वर्षांत तेच पैसे दोन लाख बारा हजारांच्या आगेमागे, व्याज पंधरा हजारांच्या आत. आठाची दहा धरली जायला लागणारी मधली दीड वर्षं कुठेतरी पीएफवाली नोकरी मिळाली, सिक्युरिटी म्हणा, गोडाऊन म्हणा, हाऊसकीपिंग म्हणा, की पेन्शन सरळ पुढे. तरुणांच्या बाजूच्या गणितात एकच अडचण आहे: टेन-सीची रक्कम अठरा वर्षं एफडीत पडून राहिलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. ती गावच्या घराच्या पत्र्यात जाते, मुलीच्या अ‍ॅडमिशनला जाते, रिक्षाच्या हप्त्यात जाते. वाईट काही नाही, पण मग तुलना एफडीशी करू नये.

खरी कटकट आकड्यांत नाहीच, ती सवयीत आहे. टीटीसीच्या, म्हणजे रबाळे-महापेच्या औद्योगिक पट्ट्यात कंत्राटी कामगाराचं गेट तेच, मशीन तेच, ठेकेदार मात्र बदलत राहतो. नव्या ठेकेदाराचा कोड वेगळा, म्हणून मेंबर आयडी, म्हणजे त्या नोकरीचा पीएफ खाते नंबरही नवा. जुना हिशेब मिटवायला नाक्यावरच्या सायबरवाल्याकडे गेलं की तो न विचारता एकोणीस आणि टेन-सीची जोडी एका दमात भरून टाकतो, वडा मागितला की पाव येतोच तसा. दर वेळी वीस-चाळीस हजार जास्तीचे मिळतात म्हणून कुणी हरकत घेत नाही. आणि दर वेळी दहा वर्षांचं मीटर पुन्हा शून्यावर येतं. तीन वर्षं, मग साडेतीन, मग साडेचार. अकरा वर्षं एकाच गेटातून आत-बाहेर केलेल्या माणसाची पेन्शनची सेवा निघते साडेचार. अकरा वर्षं सलग धरली असती तर महिना २,३५७ रुपये बसले असते. उचललेले पैसे परत भरून वर्षं परत घेण्याची सोय नाही. माझ्यापुरता निकाल या एका गोष्टीने लागला.

म्हणून लक्षात ठेवायचं ते इतकंच: एकोणीस नंबर एकटा भरता येतो. टेन-सी त्याच दिवशी भरलाच पाहिजे असं कुठेही नाही. गरज पीएफच्या पैशांची असेल तर ते काढा आणि पेन्शनची वर्षं जागेवर राहू द्या.

याच गोंधळाचा एक धाकटा भाऊ आहे. नोकरी बदलून पीएफ ट्रान्सफर केला की नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं. पैसे बुडाले समजून माणूस घाबरतो आणि जुन्या आयडीवर टेन-सी टाकतो. पेन्शनची रक्कम खात्यातून खात्यात हलतच नाही. हलते ती सेवेची नोंद, ‘अ‍ॅनेक्शर के’ या कागदावरून. रकाना शून्य असणं बरोबर आहे. त्या कागदावर जुन्या कंपनीची रुजू व सोडल्याची तारीख आणि बिनपगारी दिवस आलेत का, तेवढं तपासा.

मग नोकरी बदलताना नुसतं ट्रान्सफर करत राहिलं तर सर्टिफिकेट लागतंच कशाला? लागोपाठ नोकऱ्या असतील आणि पीएफ कधी काढलाच नसेल तर खरंच लागत नाही. पण एकोणीस नंबर भरून पीएफ रिकामा केला की ट्रान्सफर करायला मागे शिल्लक राहत नाही. तेव्हा मागची वर्षं नव्या नोकरीला जोडायचा रस्ता म्हणजे हे सर्टिफिकेट. दुसरं कारण मला जास्त पटतं. ठाणे-बेलापूर रोडवर कालचा कारखाना आज आयटी पार्क झालेला असतो. नाव, जन्मतारीख, रुजू तारीख यांतली चूक कंपनी चालू असताना एका सहीने निघते. कंपनी बंद झाल्यावर त्याच सहीसाठी दाखले आणि साक्षांकित कागद जमवत फिरावं लागतं. सर्टिफिकेट मागितलं की या नोंदी आत्ताच तपासल्या जातात. १ ऑक्टोबर २०१७ आधीच्या यूएएनवाल्यांनी (यूएएन म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर) तर हे लांबणीवर टाकू नये, कारण त्यांच्या बऱ्याच दुरुस्त्या अजूनही मालकाच्या मंजुरीवर अडतात.

सर्टिफिकेटची झंझट नाही असं मुळीच नाही. अर्ज सरकारच्या उमंग अ‍ॅपवरून होतो, ईपीएफओच्या (पीएफ चालवणाऱ्या संघटनेच्या) सेवांमध्ये ‘अप्लाय फॉर स्कीम सर्टिफिकेट’ असा पर्याय आहे. आधारशी जोडलेला मोबाइल हातात हवा. कागदी टेन-सीही चालतो. कागद द्यायचा असेल तर तो राहत्या घराजवळच्या नाही, मेंबर आयडीच्या ऑफिसात. आयडीची पहिली पाच अक्षरं पाहा: टीएचटीएचए म्हणजे ठाणे, टीएचव्हीएसएच म्हणजे वाशी. ऐरोलीत राहणाऱ्या पण वागळेत नोकरी केलेल्या माणसाचं काम ठाण्याला.

अर्ज परत येतो तो बहुतेक तारखांवरून. कंपनीने सोडल्याची तारीख टाकलेलीच नसते. शेवटची वर्गणी भरून दोन महिने झाले की पोर्टलवर ‘मार्क एक्झिट’ मधून ती स्वतः टाकता येते, पण ती शेवटच्या वर्गणीच्या महिन्यातलीच हवी. दुसरी अडचण तारखा एकमेकींवर चढण्याची. जुन्या ठेकेदाराने ३१ तारखेला सोडलं दाखवलं आणि नव्याने २५ लाच रुजू केलं, तर तेवढ्या दिवसांपायी सगळं अडू शकतं. कुटुंबाच्या यादीत बायकोचं आणि पंचवीस वर्षांखालच्या मुलांचं नाव आधारवर आहे तसंच लिहा. लग्नाआधीचं आडनाव राहून गेलं की त्रास त्या माणसाला होत नाही, त्याच्या मागे त्याच्या बायकोला होतो.

कुटुंबाच्या बाबतीत दोन्ही बाजू नीट पाहायला हव्यात. नोकरीत असताना मृत्यू झाला तर एक महिन्याची वर्गणी असली तरी विधवा पेन्शन मिळते, पूर्वी कधी रोख घेतली असली तरी. फरक पडतो तो नोकरी नसतानाच्या काळात. सर्टिफिकेट असेल आणि माणूस ५८ च्या आधी गेला तर कुटुंबाला पेन्शनचा हक्क राहतो, मुलांना विधवा पेन्शनच्या २५ टक्के, एका वेळी दोघांना. रोख घेऊन झाली असेल तर मागे काहीच उरत नाही. रिक्षा किंवा टेम्पो धरलेल्या माणसाने याचा विचार जरूर करावा.

तरीही रोख कुणी घ्यावी? सेवा दोन-तीन वर्षांची आहे आणि पुन्हा पीएफवाल्या नोकरीत जायचंच नाही, त्यांनी. डोक्यावर महिना दोन-तीन टक्क्यांचं खासगी कर्ज असलेल्यांनी, कारण त्या व्याजापुढे कुठलीही पेन्शन टिकत नाही. मात्र ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पेन्शनची रक्कम काढण्याआधीचा थांबा दोन महिन्यांवरून ३६ महिन्यांवर न्यायचं ठरवलं आहे. अर्जाच्या दिवशी कोणता नियम लागू आहे ते पोर्टलवर बघून घ्या. सर्टिफिकेट घेऊनही पुढे दहा वर्षं भरली नाहीत तर ५८ ला टेबल डीचीच रक्कम मिळते. तोटा काय तो मधल्या वर्षांच्या व्याजाचा.

एक अडचण माझ्या बाजूविरुद्ध जाते, तीही सांगायला हवी. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० मिळवायचे तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. दहा वर्षांची पेन्शन वर्षाला २५,७१४ होते, म्हणजे तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्यात ती पकडली जाणार आणि श्रावणबाळ गेली. पण २,१४३ हे १,५०० पेक्षा जास्त आहेत, सात वर्षं आधी सुरू होतात आणि त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही.

सर्टिफिकेट हातात आलं की काम अर्धंच झालेलं असतं. नव्या नोकरीत फॉर्म ११ भरताना त्यात सर्टिफिकेट नंबरचा रकाना असतो. एचआरवाली मुलगी घाईत तिथे ‘लागू नाही’ लिहून टाकते आणि माणूस सही करतो. तिथे नंबर स्वतः लिहा, मूळ सर्टिफिकेट नव्या कंपनीमार्फत पीएफ ऑफिसला पाठवा आणि पोच घेतलेली झेरॉक्स घरी ठेवा. ही जोडणी झाली नाही तर ५८ ला भरलेल्या टेन-डीवर, म्हणजे पेन्शनच्या अर्जावर, फक्त शेवटच्या कंपनीची वर्षं दिसतात, आणि ती दहाच्या आत असतील तर अर्ज परत येतो.