गुलमर्गचे सहा दिवस: सलग स्कीइंग की मध्ये एक दिवस सुट्टी?

सलग सहा दिवस स्की करण्यामागचा हिशेब मला समजतो. श्रीनगरचं विमान, हॉटेल, भाड्याचे बूट, प्रशिक्षक; एवढे पैसे मोजून एक दिवस वाया का घालवायचा? ज्यांचे पाय तयार आहेत त्यांना ते झेपतंही.

नवशिक्याचं तसं नाही. उतारावर वेग आवरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. त्याची सवय नसली की दुखणं लगेच नाही, एक-दोन दिवसांनी चढतं. म्हणजे नेमकं तिसऱ्या दिवशी! माझ्या पहिल्या खेपेला त्या सकाळी बुटाचं बकल लावायला वाकले तर मांड्या थरथरत होत्या. तरी गेले. दुपारच्या शेवटच्या फेरीत वळायचं ठरवलं, पाय वळलाच नाही. मुरगळलेल्या मनगटावर निभावलं.

त्यात उंची. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि गोंडोला, म्हणजे तिथली केबल कार, अफरवट डोंगरावर थेट ३,९०० मीटरच्या पुढे नेतो. मुंबईहून आलेल्याला पहिल्या रात्री धड झोपही लागत नाही.

म्हणून नवशिक्यांनी तिसरा दिवस मोकळा ठेवावाच. दिवसभर पांघरुणात मात्र नको. सेंट मेरी चर्चपर्यंत बर्फातून रमतगमत जावं, काश्मिरी खारट नून चहा घ्यावा, पाणी भरपूर प्यावं. वाऱ्यामुळे गोंडोला आधीच बंद पडला, तर तीच सुट्टी धरावी. पुढच्या खेपेला मी असंच केलं. चौथ्या सकाळी बकल एका दमात लागलं.