आधी आसुएला की गुस्मान? मेक्सिकन क्रांतीच्या दोन कादंबऱ्या

मेक्सिकन क्रांतीवरची एकच कादंबरी वाचायची असेल, तर मारिआनो आसुएलाची ‘लोस दे आबाहो’, म्हणजे ‘खालचे लोक’, घ्या. मार्तिन लुईस गुस्मानची ‘ला सोम्ब्रा देल काउदियो’, म्हणजे ‘म्होरक्याची सावली’ (१९२९), बांधणीने जास्त घट्ट आहे. पण क्रांतीत कोण मेलं हे आधी पाहिलेलं असलं, की मग तिचा मलिदा कुणी खाल्ला ते वाचताना जास्त लागतं.

आसुएला १८७३ मध्ये हालिस्को राज्यातल्या लागोस दे मोरेनो इथे जन्मला. पेशाने डॉक्टर. १९१४ मध्ये तो क्रांतीतला सेनानी पांचो विला याच्या बाजूने लढणाऱ्या हुलिआन मेदिनाच्या फौजेत डॉक्टर म्हणून गेला. विलाची पीछेहाट झाल्यावर त्याने सीमेपलीकडचं, अमेरिकेतलं एल पासो गाठलं आणि १९१५ च्या अखेरीस तिथल्या स्पॅनिश वृत्तपत्रात कादंबरी क्रमशः आली. पुढे जवळपास दहा वर्षं ती पडूनच राहिली. १९२४-२५ मधल्या वाङ्मयीन वादात लोकांचं तिच्याकडे लक्ष गेलं.

कादंबरी छोटी आहे. भाग तीन, प्रकरणं ४२: २१, १४ आणि ७. जसजशी क्रांती विरत जाते तसतसे भागही आखूड होतात. शेतकरी देमेत्रिओ मासिआस जमीनदाराशी बिनसल्यामुळे डोंगरात जातो, टोळीचा म्होरक्या होतो आणि पुढे जनरल. आसुएलाचं बळ बारीक प्रसंगांत आहे. लुटीत एक कोरं ‘ऑलिव्हर’ टंकलेखन यंत्र हाती लागतं. सुरुवातीला किंमत दहा पेसो. पण ओझं वाहून जो तो कंटाळतो, एका सकाळीच पाच मालक होतात आणि भाव उतरत जातो. शेवटी एक जण पंचवीस सेंताव्होंना, म्हणजे पाव पेसोला, ते घेतो आणि मजा म्हणून दगडावर आपटून फोडतो. त्यावर लेखक एका शब्दाचंही भाष्य करत नाही.

बरेच वाचक दुसऱ्या भागात अडतात. तिथे कथानक पुढे सरकत नाही. लूट, दारू, भांडणं चालूच राहतात. शिवाय विलावाले आणि त्याचा प्रतिस्पर्धी कारान्सा याचे लोक अशा गटांचा गोंधळ. प्रत्येक नाव शोधत बसू नका, देमेत्रिओलाही ते नीट उमगत नाही. चार टप्पे ध्यानात ठेवले तरी पुरे: १९१० ला हुकूमशहा दिआसविरुद्ध मादेरोचा उठाव, फेब्रुवारी १९१३ मध्ये त्याचा खून, जून १९१४ मध्ये विलाने जिंकलेली साकातेकासची लढाई आणि एप्रिल १९१५ मध्ये सेलाया इथे विलाचा पराभव.

इंग्रजीतून वाचणार असाल तर एनरिके मुंगियाचा १९२९ चा अनुवाद सहज मिळतो, पण त्यातले संवाद त्या काळच्या अमेरिकी बोलीत आहेत. सर्जिओ वाइसमनचा २००८ चा अनुवाद घ्यावा. कोणत्याही अनुवादात ‘कुर्रो’ या शब्दावर नजर ठेवा. शहरातून आलेल्या, शिकलेल्या लुईस सेर्व्हांतेसला टोळीतले लोक असं हाक मारतात. आपल्या ‘पांढरपेशा’त जो टोमणा असतो, तोच इथे आहे. त्या जागी नुसता गुळगुळीत शब्द आला, की गावकरी आणि हा माणूस यांच्यातली दरीच दिसेनाशी होते.

गुस्मानची वाट वेगळी. कादंबरी उघडते ती जनरल इग्नासिओ आगिर्रेच्या कॅडिलॅकने. माणसं मंत्री, आमदार, सेनाधिकारी. विषय राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी. १९२३ चं सरकारविरुद्धचं लष्करी बंड आणि ३ ऑक्टोबर १९२७ ला उइत्सिलाक इथे झालेली राष्ट्राध्यक्षपदाचा विरोधी उमेदवार जनरल सेर्रानो आणि त्याच्या साथीदारांची हत्या, या दोन्ही घटना लेखकाने एकाच कथानकात गुंफल्या आहेत. हे त्याने स्पेनमध्ये परागंदा असताना लिहिलं. निवडणुकीच्या डावपेचांची आवड असेल तर हिच्यापासून सुरुवात केलीत तरी चालेल; गुस्ताव्हो पेयोनचा इंग्रजी अनुवाद २०१७ चा आहे. मात्र यात खेड्यातला माणूस जवळपास नाहीच, तो हवा असेल तर निराशा होईल. या कादंबरीची धग केवढी होती, ते तिच्यावरच्या चित्रपटावरून कळतं: १९६० मध्ये तयार झाला आणि मेक्सिकोतल्या चित्रपटगृहांत लागायला १९९० उजाडलं.